घड्याळ तेच, वेळ निराळी

निफाड विधानसभा मतदारसंघात २०१९ साली आणि २०२४ साली मुख्य लढत झाली ती त्याच दोन उमेदवारांमध्ये. एक पिंपळगाव बसवंतचे श्री. दिलीप बनकर, दुसरे ओझरचे श्री. अनिल कदम. दोन्ही वेळा श्री. बनकर विजयी झाले. वरवर पाहता यात नवल करण्यासारखे काही नाही. या दोघांची लढत तालुक्याच्या अंगवळणी पडली आहे. परंतु उमेदवारांवरून दृष्टी काढून त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या मंडळींकडे पाहिले, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. २०१९ साली श्री. बनकर हे काँग्रेस व राष्ट्रवादी यांच्या आघाडीचे उमेदवार होते आणि श्री. कदम भाजप-शिवसेना युतीचे. २०२४ साली श्री. बनकर भाजपचा समावेश असलेल्या महायुतीचे उमेदवार होते आणि श्री. कदम काँग्रेसचा समावेश असलेल्या महाविकास आघाडीचे. नट जागच्या जागी राहिले आणि पाठीमागचे पडदे तेवढे उजवीकडून डावीकडे व डावीकडून उजवीकडे सरकविले गेले!

याचा मतदाराच्या दृष्टीने अर्थ काय झाला? भाजपची सत्ता नको म्हणून २०१९ साली श्री. बनकर यांना मत देणारा एखादा शिक्षक, आणि भाजपचीच सत्ता हवी म्हणून श्री. कदम यांना मत देणारा त्याच शाळेतला दुसरा शिक्षक, अशी जोडी डोळ्यांपुढे आणावी. पाच वर्षांनी या दोघांनाही आपापल्या मतावर ठाम राहावयाचे असेल, तर दोघांनाही उमेदवार बदलावा लागला असता. जो मतदार निष्ठेने त्याच उमेदवारास मत देत राहिला, त्याचे मत मात्र त्याच्या नकळत पलीकडच्या पारड्यात जाऊन पडले. पक्षांतर पुढाऱ्याने केले असे आपण म्हणतो. खरे पक्षांतर घडले ते मतदाराचे, आणि तेही त्याला न विचारता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या दोन गृहस्थांची लायकी ठरविणे हा या लेखाचा हेतू नाही. दोघेही आमदार म्हणून तालुक्याला परिचित आहेत आणि दोघांच्याही कामाचा हिशेब ज्याचा त्याने करावा. दोष एकाच बाजूचा आहे असेही नव्हे. २०१९ च्या निकालानंतर मित्र बदलला तो प्रथम शिवसेनेने. युतीत राहून मते मागितली आणि सरकार बनविले ते विरोधकांबरोबर. त्यानंतर जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. एका विधानसभेच्या आयुष्यात महाराष्ट्रातील मतदाराने दिलेला कौल इतक्या वेळा उलटसुलट झाला की मुळात तो काय होता, हे सांगण्यास आता जुनी वृत्तपत्रे काढून बसावे लागते.

या सर्व प्रकाराचे समर्थन एका ठरीव वाक्यात केले जाते: जनतेच्या न्यायालयात निकाल लागला आहे. नाशिक जिल्ह्याचे आकडे या समर्थनास भरभक्कम आधार देतात, हे मान्य केले पाहिजे. २०१९ साली या जिल्ह्यातून राष्ट्रवादीचे सहा आमदार निवडून गेले होते. सर्वश्री छगन भुजबळ, नरहरी झिरवाळ, माणिकराव कोकाटे, नितीन पवार, दिलीप बनकर व श्रीमती सरोज अहिरे हे सहाही जण श्री. अजित पवार यांच्या बाजूने राहिले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सहाही जण पुन्हा निवडून आले. इगतपुरीचे काँग्रेसचे आमदार श्री. हिरामण खोसकर निवडणुकीच्या तोंडावर त्याच पक्षात गेले, तेही निवडून आले. शिवसेनेतून श्री. एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेलेले श्री. दादा भुसे आणि श्री. सुहास कांदे हेही निवडून आले. नऊपैकी नऊ! पक्षांतराला मतदाराने दिलेले प्रशस्तिपत्र याहून स्पष्ट ते कोणते हवे, असे कोणी विचारील.

परंतु त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, अवघ्या सहा महिन्यांपूर्वी काय झाले होते? नाशिकचे दोन वेळचे खासदार श्री. हेमंत गोडसे हेही शिवसेनेच्या फुटीत श्री. शिंदे यांच्याबरोबर गेले होते. धनुष्यबाण त्यांच्याच हाती होता. सिन्नरच्या श्री. राजाभाऊ वाजे यांनी नवी मशाल घेऊन त्यांचा दीड लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. मग जनतेच्या न्यायालयाने मे महिन्यात पक्षांतर हा गुन्हा ठरविला आणि नोव्हेंबरात तोच सद्गुण ठरविला, असे म्हणावयाचे काय? तसे काही झाले नाही. मे महिन्यात या जिल्ह्यातला शेतकरी कांद्यावरून संतापलेला होता. डिसेंबर २०२३ मध्ये घातलेली निर्यातबंदी उठली ती ऐन निवडणुकीच्या धामधुमीत, आणि तीही निर्यातशुल्काचे ओझे मागे ठेवून. नोव्हेंबरात लाडक्या बहिणींच्या खात्यांत दरमहा दीड हजार रुपये जमा होऊ लागलेले होते. दोन्ही वेळा मतदाराने उत्तर दिले ते त्याच्या पुढ्यात असलेल्या प्रश्नाचे. आमदाराने कूस बदलली ती योग्य होती काय, हा प्रश्न त्याला स्वतंत्रपणे कोणी विचारलाच नाही. जो प्रश्न विचारला नाही त्याचे उत्तर मतपेटीतून शोधून काढणे, ही राजकारण्यांची हातचलाखी आहे. सुशिक्षितांनी तरी तिला फसू नये.

आणि मतदाराला प्रश्न समजला होता, असे गृहीत धरले तरी आणखी एक अडचण उरते. ती चिन्हाची. या बाबतीत आपल्या भागाने २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत जो धडा पाहिला, तो राज्यशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. निफाड विधानसभा मतदारसंघ दिंडोरी लोकसभा मतदारसंघात मोडतो. तेथे शिक्षकी पेशातले श्री. भास्कर भगरे यांनी केंद्रीय राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांचा लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. श्री. भगरे यांचे चिन्ह होते ‘तुतारी वाजविणारा माणूस’. त्यांच्याच आडनावाच्या एका अपक्ष उमेदवारास मिळालेले चिन्ह होते नुसती तुतारी. ज्याची सभा कोणी ऐकली नाही आणि ज्याचे नाव बहुतेकांनी मतदानयंत्रावरच प्रथम वाचले असेल, अशा त्या अपक्षास एक लाखाहून अधिक मते पडली!

या घटनेवर त्या वेळी पुष्कळ हसण्यात आले. खरे पाहता ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तुतारीतला माणूस दिसला की नाही, एवढ्यावर लाख लोकांचे मत कोणाच्या पदरात पडेल हे ठरले. याचा अर्थ असा की, आपल्याकडे बहुसंख्य माणसे मत देतात ते जाहीरनाम्याला नव्हे, ठरावाला नव्हे, पुष्कळदा माणसालाही नव्हे. ते चिन्हाला देतात. यात अडाणीपणा आहे असे आम्ही म्हणणार नाही. निरक्षर मतदारालाही मत देता यावे म्हणून पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आपणच ही पद्धत स्वीकारली आणि लोकांनी ती विश्वासाने आत्मसात केली. मतदार व पक्ष यांच्यामधला तोच एक अबोल करार आहे. मग पक्षातून फुटून निघालेला गट जेव्हा माणसांबरोबर चिन्हही घेऊन जातो, तेव्हा तो कराराचा कागदच उचलून नेत असतो.

निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी धनुष्यबाण श्री. शिंदे यांच्या गटास दिला आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजी घड्याळ श्री. अजित पवार यांच्या गटास. दोन्ही ठिकाणी तराजूत मुख्यतः घातले गेले ते निवडून आलेल्या प्रतिनिधींचे संख्याबळ. ज्यांच्या वर्तनाविषयी वाद, त्यांचीच डोकी मोजून वादाचा निकाल! सर्वोच्च न्यायालयाने घड्याळासंबंधी एवढीच अट घातली की, हे चिन्ह न्यायप्रविष्ट आहे असा खुलासा जाहिरातींतून करावा. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत तसे खुलासे वृत्तपत्रांतून प्रसिद्धही झाले. वाचकांपैकी किती जणांनी तो मजकूर वाचला हे त्यांनीच आठवून पाहावे. तुतारीतला माणूस जिथे दिसत नाही, तिथे जाहिरातीतला खुलासा कोणाला दिसणार?

या विषयावर विचार करताना ओझरकरांस यशवंतराव चव्हाणांची आठवण होणे अपरिहार्य आहे. चीनच्या आक्रमणानंतर ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि १९६३ साली लोकसभेवर निवडून आले ते नाशिकमधून, बिनविरोध. १९६४ साली ओझरला विमानांचा कारखाना आला तो त्यांच्याच कारकिर्दीत. हे सारे ज्ञात आहे. तितके ज्ञात नाही ते हे की, पुढे गृहमंत्री असताना पक्षांतराच्या प्रश्नावर नेमलेल्या समितीचे अध्यक्षही यशवंतरावच होते. १९६७ च्या निवडणुकीनंतर उत्तरेकडील राज्यांत आमदारांचा जो बाजार भरला, त्यामुळे ही समिती नेमणे भाग पडले. हरियाणाच्या गया लाल नामक आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, आणि ‘आयाराम-गयाराम’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून साऱ्या भारतीय भाषांत जाऊन बसला. चव्हाण समितीने आकडे जमविले. पहिल्या ते चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंतच्या साऱ्या काळात पक्षांतराचे सुमारे ५४२ प्रकार घडले होते. मार्च १९६७ पासूनच्या एकाच वर्षात ते किमान ४३८ झाले. पाहणी केलेल्या २१० पक्षांतरितांपैकी ११६ जणांना मंत्रिपदे मिळाली होती. रोगाचे कारण सांगण्यास एवढा एकच आकडा पुरेसा आहे.

समितीने १९६९ साली सुचविलेला उपाय आजही वाचण्यासारखा आहे. पक्षांतर करणाऱ्यास एक वर्षपर्यंत, अथवा तो आपल्या जागेचा राजीनामा देऊन पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्री करू नये. त्यात सदस्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर बंधन नव्हते. पक्ष बदलण्याची मुभा होती, मात्र फळ चाखण्यापूर्वी मतदाराकडे जाऊन यावे लागणार होते. (यशवंतरावांच्या वाट्याला पुढे काँग्रेसच्याच फुटीत इकडून तिकडे जाण्याचा प्रसंग आला, हा नियतीचा खेळ, त्याने सूचनेचे मोल कमी होत नाही.)

प्रत्यक्षात १९८५ साली जो कायदा आला, त्याने भलतीच वाट धरली. एकट्यादुकट्याने पक्ष सोडला तर सदस्यत्व जाणार, पण एक तृतीयांश सदस्यांनी मिळून सोडला तर ती ‘फूट’ आणि ती क्षम्य! किरकोळ विक्रीस बंदी आणि घाऊक व्यापारास परवाना, अशा आशयाची टीका मधू लिमये यांनी केली होती व ती अक्षरशः खरी ठरली. याच कलमाचा आधार घेऊन डिसेंबर १९९१ मध्ये श्री. भुजबळ यांचा गट शिवसेनेतून काँग्रेसमध्ये गेला. २००३ साली घटनादुरुस्तीने एक तृतीयांशाची ही पळवाट बुजविण्यात आली; परंतु दोन तृतीयांशांच्या ‘विलीनीकरणा’ची वाट उघडी राहिली. गोव्यात २०२२ साली निवडणुकीपूर्वी काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात जाऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या; सप्टेंबर उजाडतो तो अकरांपैकी आठ आमदार भाजपमध्ये दाखल झाले. महाराष्ट्रात तर विलीनीकरणाचेही सोंग आणावे लागले नाही. आम्हीच मूळ पक्ष, असे म्हटले की काम भागले. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे सोपविला आणि वाजवी मुदतीत करण्यास सांगितला. अध्यक्षांनी शिवसेनेबाबत निर्णय दिला तो जानेवारी २०२४ मध्ये, राष्ट्रवादीबाबत फेब्रुवारीत. दोन्ही पक्षांच्या दोन्ही गटांतील एकही आमदार अपात्र ठरला नाही. पक्ष दुभंगले, सरकारे पडली, आणि कायद्याच्या दृष्टीने पक्षांतर कोणी केलेच नव्हते!

तेव्हा कायद्याचे राहो. पुन्हा उमेदवारी मागणाऱ्या पक्षांतरिताला तोलावे कशाने? आम्हांस वाटते, त्याने पक्ष बदलला की नाही यापेक्षा त्याने मतदाराला केव्हा विचारले, हे पाहावे. माणसाचे मत बदलू शकते. ते कधीच बदलू नये असे म्हणणे हा हटवाद झाला. पक्षच जेव्हा आपल्या भूमिका रातोरात बदलतात, तेव्हा सदस्याने मात्र जन्मभर बांधून राहावे, हा न्यायही विचित्रच. परंतु बदललेले मत घेऊन मतदारापुढे जाण्याची रीत आपल्याकडे अगदीच अज्ञात आहे असे नाही. हेमवतीनंदन बहुगुणा यांनी १९८० साली इंदिरा काँग्रेस सोडली, तेव्हा कोणताही कायदा त्यांना अडवीत नव्हता. तरी त्यांनी लोकसभेचा राजीनामा दिला आणि गढवालमधून पुन्हा कौल मागितला. ती पोटनिवडणूक एकदा रद्द झाली, तरीही ते हटले नाहीत व १९८२ साली निवडून आले. श्री. नारायण राणे यांनी २००५ साली शिवसेना सोडली, आमदारकी सोडली आणि मालवणमधून काँग्रेसतर्फे पुन्हा विजय मिळविला. श्री. उदयनराजे भोसले यांनी २०१९ साली निवडून आल्यावर चार महिन्यांच्या आत खासदारकीचा राजीनामा देऊन भाजपमध्ये प्रवेश केला. साताऱ्याने त्यांना पोटनिवडणुकीत पाडले आणि २०२४ साली कमळावर निवडूनही दिले. या तिघांच्या राजकारणाविषयी काहीही मत असो, प्रत्येक वेळी मतदाराला एकच सरळ प्रश्न विचारला गेला आणि त्याने सरळ उत्तर दिले. श्री. भुजबळ यांच्यासारख्या मातब्बर नेत्यालाही १९९५ साली माझगावच्या मतदारांनी नाकारले, हेही येथे नोंदविले पाहिजे. मात्र तोवर मंत्रिपद भोगून झाले होते.

परदेशातील एक उदाहरण येथे उद्‌बोधक ठरेल. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाचे सेनेटर आर्लन स्पेक्टर यांनी जवळजवळ तीस वर्षे रिपब्लिकन पक्षातर्फे सेनेटमध्ये काढली आणि एप्रिल २००९ मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षात गेले. जुन्या पक्षात आपल्याला पुन्हा उमेदवारी मिळण्याचा संभव नाही, हे त्यांनी लपविलेही नाही. अध्यक्ष ओबामा त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पण तेथे उमेदवार ठरवितात ते पक्षाचे सामान्य मतदार. त्यांनी मे २०१० च्या प्राथमिक निवडणुकीत स्पेक्टर यांना बाजूस सारून जो सेस्टाक यांना पसंती दिली. प्रतिस्पर्ध्यांनी प्रचारात स्पेक्टर यांचेच शब्द पुनःपुन्हा ऐकविले होते. आपल्याकडे बाहेरून आलेल्या पाहुण्यास उमेदवारी देताना वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला कोण विचारतो? मुंबईहून एबी फॉर्म येतो आणि गावात फटाके वाजतात.

कायम शिक्षकाला एक संस्था सोडून दुसरीकडे जावयाचे झाल्यास तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कारकुनाला पदभार सोपविल्याखेरीज टेबल सोडता येत नाही. खुद्द ओझर परिसरात, वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यांनी बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने तीन दशकांपूर्वी ज्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या, त्या चालल्या त्या कराराच्या बळावर. पाटबंधारे खात्याने किती पाणी द्यावयाचे व संस्थेने किती पट्टी भरावयाची हे कागदावर ठरले आणि ऐन हंगामात कोणी शब्द फिरविला नाही म्हणून. शेपटाच्या शेतकऱ्याला जे साधले, ते आमदाराला न साधण्याचे काही कारण दिसत नाही.

म्हणून मागणी करावयाची ती मोजकी आहे. एकट्याने असो वा चाळीस जणांनी मिळून, निवडून आल्यावर जो आघाडी अथवा पक्ष बदलील त्याची जागा रिकामी व्हावी व सहा महिन्यांच्या आत तेथे पोटनिवडणूक व्हावी. पक्ष फुटला तर त्या विधानसभेची मुदत संपेपर्यंत मूळ चिन्ह कोणत्याही गटास मिळू नये. दोघांनीही नवे चिन्ह घेऊन लोकांकडे जावे. पोटनिवडणुकीच्या खर्चाचे कारण पुढे केले जाईल. एका फुटीपायी गुवाहाटीपर्यंतच्या हॉटेलांत आमदारांची जी सरबराई झाली, तीनंतर हे कारण कोणी गंभीरपणे सांगू नये. आमदार स्वतःविरुद्ध असा कायदा करणार नाहीत, हा आक्षेप अधिक खरा आहे. तो कायदा होईपर्यंत निदान एवढे तरी करता येईल की, पुढच्या वेळी मत मागावयास जो कोणी ओट्यावर येईल त्याला, तो कोणत्याही बाजूचा असो, निकालानंतर बाजू बदलावी वाटली तर राजीनामा देणार काय, हे चारचौघांत विचारावे व त्याचे उत्तर लिहून घ्यावे.

या वाचकांपैकी अनेकांनी निवडणुकीत केंद्राध्यक्षाचे काम केलेले आहे. पहाटे चाचणी मतदान घेऊन ते यंत्रातून पुसल्याची खात्री करावी लागते. सायंकाळी नमुना १७-क भरताना नोंदवहीतील मतदार आणि यंत्रातील मते यांचा आकडा जुळवावा लागतो. एका मताचा फरक पडला तरी त्याचे स्पष्टीकरण देताना घाम फुटतो, मध्यरात्र होते, साहित्य जमा करून घेणारा अधिकारी पुन्हा मोजावयास सांगतो आणि शाळेचा मुख्याध्यापक दुसऱ्या दिवशी रजा मागितली तर भुवया उंचावतो. एका मताची ही किंमत शासनाने ठरविलेली आहे, आणि ती योग्यच आहे. केंद्राध्यक्षाकडून मागितला जातो तसा हिशेब, ती सारी मते गोळा करून घेऊन गेलेल्या माणसाकडून अद्याप कोणत्याही नमुन्यात मागितला जात नाही.